बाळ सांभाळणाऱ्या ताईंच्या हातातला फोन

ओली_हळद | गुरुवार, रात्री ११:१०

आठवडाभर लिहू की नको चाललं होतं, आज लिहूनच टाकते.

आम्ही पुण्यात, बाणेरला. मुलगा चौदा महिन्यांचा. नवरा आणि मी दोघंही नोकरीवाले, मला आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला जावं लागतं. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या इथेच असतात पण बाळाला उचलू शकत नाहीत. माझी आई कोल्हापूरला, बाबांना सोडून येऊ शकत नाही. त्यामुळे बाळ सात महिन्यांचं असल्यापासून एक ताई येतात, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा. पगार अठरा हजार. मी त्यांना ताई म्हणते, त्या मला ताई म्हणतात, आणि "ताई कुठंय?" विचारलं की बाळ दोघींकडे आळीपाळीने बघतं.

ताई चांगल्या आहेत, हे आधी सांगते. वेळेच्या पक्क्या, हात स्वच्छ. बाळ त्यांच्या कडेवर असलं की माझ्याकडे यायला कां कूं करतं. नाचणीचं सत्त्व माझं गुठळ्यांचं होतं, त्यांचं होत नाही.

मागच्या गुरुवारी ऑफिसमध्ये सकाळी अकराच्या सुमारास हॉलचा कॅमेरा उघडला. (कॅमेरा आहे हे ताईंना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.) ताई सोफ्याला टेकून खाली बसलेल्या, मान फोनमध्ये. बाळ चार-पाच फुटांवर टीपॉय धरून उभं. हातात डब्याचं स्टीलचं झाकण. ते झाकण टीपॉयवर आपटायचं आणि ताईंकडे बघायचं. परत आपटायचं, परत बघायचं. एकदा ताईंनी मान वर न करताच "हां हां" केलं. मी घड्याळ लावून बसले होते, अकरा मिनिटं. शेवटी शेवटी त्याने ताईंकडे बघणं सोडून दिलं आणि नुसताच आपटत राहिला.

झालं काहीच नाही. पडला नाही, रडला नाही. पण मला मीटिंगमध्ये दोनदा काहीतरी विचारलं गेलं आणि दोन्ही वेळा मी "सॉरी, आवाज तुटतोय" म्हणाले. समोरासमोर बसलो होतो आम्ही.

मग वेड्यासारखं मागच्या तीन दिवसांचं रेकॉर्डिंग पाहिलं. बाळ जागं असताना रोज साधारण दोन-अडीच तास फोन हातात. काही वेळ व्हिडिओ, काही वेळ बोलणं. दुपारी भरवताना तर स्पीकरवर बोलणं चालूच.

बोलायचं कसं? फोन काढून घेणं मला बरं दिसत नाही. आणि दुखावल्या आणि उद्यापासून आल्याच नाहीत तर? सातव्या महिन्यात तीन जणी बदलून या मिळाल्यात. अनुभव असणाऱ्यांनी सांगा, प्लीज.

---

लोखंडी_कढई | रात्री ११:२६

यात विचारायचं काय? पगार मोजून देता ना? सांगायचं, आल्यावर फोन दाराशी ठेवायचा, जाताना घ्यायचा. पटत नसेल तर दुसरी बघायची. माझ्या नणंदेकडे बाई फोनवर होती आणि पोराने सासऱ्यांची बीपीची गोळी तोंडात घातली. नशीब थुंकली. आपण फार मऊ वागतो आणि मग रडत बसतो.

---

तिसरी_घंटा | रात्री ११:४१

म्हणजे तुम्ही कामाच्या वेळात फोनवर त्यांना कामाच्या वेळात फोनवर असताना पाहिलंत. हलकं घ्या.

---

सुपारी_फुटली | रात्री ११:४४

@तिसरी_घंटा, तुमच्या घरी मूल कोण सांभाळतं ते आधी सांगा, मग हलकं घेऊ.

---

तिसरी_घंटा | रात्री ११:५२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

खडीसाखर | शुक्रवार, पहाटे ५:५०

डोंबिवलीत बावीस वर्षं पाळणाघर चालवते आहे. आत्ता पहिलं मूल यायला तासभर आहे, तेवढ्यात लिहिते.

बाई आणि मूल यांच्या मध्ये काहीतरी येणं आजचं नाही. मी सुरू केलं तेव्हा टीव्हीवरच्या दुपारच्या मालिका होत्या. पण मालिका अर्ध्या तासाने संपायची, मधे जाहिराती लागायच्या, तेवढ्यात नाक पुसणं, लंगोट बदलणं उरकायचं. मोबाईल आले तेव्हाही फार फरक पडला नाही, बोलायला पैसे पडत होते. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि वर्षभरात माझ्या मदतनिसांच्या हातातला फोन बदलला. आता हे संपतच नाही, अंगठा वर केला की पुढचं हजर.

माझ्याकडे तिघी मदतनीस आहेत. सुरुवातीला मीही कढईताईंसारखंच केलं, सकाळी फोन कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. आठ दिवसांत काय झालं? दीड वाजला की तिघी कावऱ्याबावऱ्या. एकीचं लक्ष घड्याळाकडे, एक बाथरूमच्या नावाखाली खाली वाण्याकडे जाऊन फोन करून आली. दीड ही त्यांच्या पोरांची शाळेतून घरी यायची वेळ होती. बाईचा जीव तिकडे लागलेला असेल तर तुम्ही फोन कपाटात ठेवा नाहीतर विहिरीत टाका, ती तुमच्या मुलाजवळ नसतेच.

आता फ्रिजवर वेताची टोपली आहे. आवाज चालू ठेवून फोन त्यात. घरून आला तर उचलायचा, बोलून परत टोपलीत. एक ते अडीच पाळीपाळीने अर्धा अर्धा तास प्रत्येकीचा स्वतःचा, त्यात काय बघायचं ते बघा. त्या अर्ध्या तासात मी कुणालाही पाण्याचा ग्लाससुद्धा मागत नाही.

कॅमेऱ्याबद्दल. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरातलं ते मारहाणीचं सीसीटीव्ही चित्रण बाहेर आलं आणि माझ्याकडच्या सगळ्या पालकांनी कॅमेरा मागितला. त्यांचं चूक नव्हतं, ते बघून मलाही दोन रात्री झोप नव्हती. लावला. तेव्हापासून दिवसाला दोन तरी फोन: "काकू, तो मगाचपासून कोपऱ्यात तोंड करून एकटाच का उभाय?" शी करतोय बाई तो. दीड वर्षाची पोरं शी करायला कोपराच धरतात.

बेल वाजली. बाकी नंतर.

---

अनुस्वार | शुक्रवार, सकाळी ९:१५

खडीसाखरकाकू, __/\__

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, ठाण्यात. ओली_हळद, तुमच्या झाकणाच्या प्रसंगावर दोन शब्द, कारण तो तुम्ही फार नेमका टिपलाय.

झाकण आपटून बघणं हा त्याचा प्रश्न आहे. "बघितलंस? आवाज आला ना?" समोरच्याने "अगंबाई, केवढा आवाज!" म्हटलं की तो परत आपटतो, मग दुसऱ्या कशावर तरी आपटून बघतो, मग त्या आवाजाला नाव मिळतं, धाडधाड किंवा ठणठण. चौदाव्या महिन्याला भाषा अशीच भरते, एकाने टाकायचं आणि दुसऱ्याने परत करायचं.

सत्तरच्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग दोनेक मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवते, काहीही झालं तरी हलवत नाही. बाळ आधी हसून बघतं, मग बोट दाखवतं, ओरडतं, आणि शेवटी मान फिरवून घेतं. तो प्रयोग फोनच्या कितीतरी आधीचा आहे. पण फोनमध्ये पाहणाऱ्या माणसाचा चेहरा एकदा आरशात बघा, तुमचाच.

घाबरू मात्र नका. अकरा मिनिटांनी कुणाची भाषा अडत नाही. माझ्याकडे येतात ती दिवसचे दिवस असे गेलेली मुलं, आणि त्यातली बरीच सांभाळायला बाई नसलेल्या घरातली असतात, एवढंच म्हणते. बाकी तो स्पीकर भरवताना तरी बंद करायला सांगा. मुलाला त्या वेळी दोन बोलणी ऐकू येतात आणि त्यातलं एकही त्याच्यासाठी नसतं.

आणि हे विचारायचं राहिलं: फोन ताईंच्याच हातात असतो की बाळालाही दाखवतात? भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच.

---

ओली_हळद | सकाळी ९:४०

नाही, बाळाला दाखवत नाहीत. ते मीच एकदा नखं कापताना दाखवलं होतं आणि ताईंनी मला टोकलं होतं, "सवय लागंल ताई." (लाज.)

---

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी १२:०५

लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. नुकतीच उठले. भाषेचं अनुस्वार यांनी सांगितलं, मी जिवाचं सांगते.

"मी इथेच बसले होते, कान होता माझा त्याच्याकडे." हे वाक्य मी आईकडून, आजीकडून, बाईकडून, सगळ्यांकडून ऐकलंय. मूल पडलं तर आवाज येतो, भाजलं तर किंकाळी येते. पण घशात अडकलं तर आवाज येत नाही, हवाच जात नाही तर आवाज कुठून येणार? आणि पाण्यात गेलं तरी येत नाही. चौदा महिन्यांच्या मुलाचं डोकं जड, पाय हलके. बादलीत वाकलं आणि तोल गेला की त्याला स्वतःला बाहेर काढता येत नाही, वीतभर पाणीही पुरतं. या दोन गोष्टींना कान उपयोगी नाही, डोळाच लागतो.

म्हणून भरवताना आणि आंघोळीला फोन दुसऱ्या खोलीत. वाजला तर वाजू दे. यात तडजोड नाही, ताईंना नाही, आजीला नाही, तुम्हाला नाही. बाकी दिवसभराचं तुमचं तुम्ही ठरवा.

शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत नाहीत. द्राक्ष उभं चिरून, चार फोडी करून. बाथरूमची बादली रिकामी करून उलटी ठेवायची. आणि रविवारी ताईंना बसवून अडकलं तर काय करायचं ते करून दाखवा, बाहुली घेऊन. मूल खोकू शकत असेल तर खोकू द्यायचं. खोकताही येत नसेल तर पालथं धरून, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा. वर्षाच्या आतल्याला मग उताणं करून छातीवर पाच दाब. तुमचा वर्षाच्या पुढचा आहे, त्याला बेंबीच्या वर आत-वर असे पाच दाब. दिसत नसेल तर तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, आणखी आत जातं. हे हॉस्पिटलात शिकून घ्या, वाचून पुरेसं येत नाही.

---

लोखंडी_कढई | दुपारी १२:३०

सिस्टरना मोदक. हेच म्हणत होते मी.

---

मोगरा_गल्ली | शुक्रवार, रात्री ९:२०

मी थोडं वेगळं लिहिणार आहे. राग येईल कुणाला तर येऊ दे.

माझी आई एकोणतीस वर्षं कोथरूड-एरंडवण्यात लोकांची घरं आणि लोकांची मुलं सांभाळत होती. १९८० साली कर्वे रोड भागात मोलकरणींनी काम बंद केलं होतं, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, त्या गोष्टी मी तिच्याकडून ऐकत वाढले. आजारी पडलं तर पगार कापायचा नाही, एवढ्यासाठी तेव्हा रस्त्यावर यावं लागलं होतं.

तिच्या वेळी फोन नव्हता. मला आणि भावाला शाळेतून आल्यावर शेजारच्या मावशी बघायच्या. भाऊ एकदा स्टोव्हवर भाजला, दुपारी अडीचला. आईला कळलं साडेसहाला, घरी आल्यावर. आमच्यासारख्या घरात फोन आला तेव्हा पहिल्यांदा आईने काय केलं असेल? दुपारी मिस कॉल द्यायला शिकवलं. एक रिंग म्हणजे घरी पोचलो, दोन म्हणजे जेवलो.

ओली_हळद, तुमची पोस्ट प्रामाणिक आहे म्हणून विचारते.

ताईंना मुलं किती? तुम्ही नाचणीच्या सत्त्वापर्यंत सगळं लिहिलंत, हे कुठे आलं नाही.

त्या गुरुवारी तुम्ही स्वतः ताईंच्या फोनवर किती मेसेज पाठवलेत? मोजून सांगा.

आणि बाळ दुपारी झोपतं तेव्हा ताई काय करतात?

---

ओली_हळद | शुक्रवार, रात्री १०:४८

मोजले.

एकोणीस. "उठला का?" "किती खाल्लं?" "फोटो पाठवा ना." "शी झाली का?" "कशी?" "आजींना चहा दिला का?" फोटो तीन मागितले, व्हिडिओ एक. म्हणजे त्या अडीच तासांतला काही भाग माझाच होता. टिंग वाजलं की त्या फोन उचलणार, उचलला की समोर बाकी सगळं आहेच.

ताईंना एक मुलगी, तिसरीत. मला मुलगी माहीत होती, शाळेची वेळ माहीत नव्हती. आज विचारलं. पावणेएकला घरी येते. स्वतः कुलूप काढते, ताई व्हिडिओवर तिला डब्यातलं वाढून घ्यायला सांगतात आणि आतून कडी लावलेली दाखवायला लावतात. आमच्याकडे भरवायची वेळ साडेबारा ते सव्वा. तो स्पीकर म्हणजे हा.

आणि बाळ झोपतं साधारण दोन तास. तेव्हा ताई कपड्यांच्या घड्या घालतात, भाजी निवडून चिरून ठेवतात, सासूबाईंना चार वाजता चहा. हे ठरलेलं नव्हतं. होत गेलं.

---

सुपारी_फुटली | रात्री १०:५५

"होत गेलं" वर एक वेगळा धागा निघेल.

---

लोखंडी_कढई | रात्री ११:०२

सगळं मान्य. मुलीचा फोन मान्य, तुमचे एकोणीस मेसेज मान्य. पण ती अकरा मिनिटं सकाळी अकराची होती ना? तेव्हा मुलगी शाळेत होती आणि तुम्ही नुसत्या बघत होतात. त्या अकरा मिनिटांचं काय? बाईची परिस्थिती वाईट आहे म्हणून माझ्या मुलाने झाकण आपटत बसायचं का? मोगरा_गल्ली, तुमच्या आईबद्दल आदर आहे, पण तुमच्या आईने हे केलं नसतं हे तुम्हालाही ठाऊक आहे.

---

मोगरा_गल्ली | रात्री ११:१५

नसतं केलं. तिच्याकडे फोन नव्हता. असता तर काय केलं असतं, देव जाणे. परवा माझ्या घरी माझ्या मुलाला मांडीवर घेऊन ती अर्धा तास कीर्तनाचे व्हिडिओ बघत होती, मुलगा तिच्या बांगड्या काढून घालून दमला.

---

थेम्सकाठी | शनिवार, पहाटे २:३०

इंग्लंडमध्ये नर्सरीत काम करते, मूळची साताऱ्याची. इथे पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सरकारी चौकट आहे. प्रत्येक नर्सरीच्या बालसुरक्षा धोरणात मोबाईल आणि कॅमेऱ्याच्या वापराचा नियम असावाच लागतो. आमच्याकडे फोन लॉकरमध्ये, खोलीत आणलेला दिसला तर थेट लेखी समज. मुलांचे फोटो नर्सरीच्याच टॅबवर.

पण हे ऐकून तुमच्याकडे जसंच्या तसं लावू नका. इथे दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस असतो, आणि माझी जेवणाची सुट्टी झाली की दुसरी येऊन माझ्या जागी बसते. माझ्या मुलीच्या शाळेकडे नर्सरीचा लँडलाईन नंबर आहे. घरात एकटीने दहा तास एका मुलाबरोबर, हे मी पहिल्या बाळंतपणानंतर स्वतःच्या मुलासाठी केलंय आणि तिसऱ्या महिन्यात फोन हातातून सुटत नव्हता. मोठ्या माणसाशी बोलायला मिळावं म्हणून.

त्या झोपेच्या दोन तासांकडे बघा. तुम्ही ते भाजीला दिलेत. मग ताईंनी आपले दोन तास बाळाच्या जागेपणातून काढून घेतले. आकडा पण बघा, दोन-अडीचच आहे.

---

अनुस्वार | शनिवार, सकाळी ८:२०

थेम्सकाठी, हे डोक्यातच आलं नव्हतं. अनुमोदन.

---

काळा_डगला | शनिवार, सकाळी १०:४०

कायद्याचं थोडक्यात, कारण कुणीतरी विचारणारच.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. त्यात नोंदणी आणि कल्याणकारी योजना आहेत. ताईंची नोंदणी नसेल तर करून द्या. कामाच्या तासांचं आणि विश्रांतीचं बंधन तुमच्या-त्यांच्या बोलण्यावरच उभं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांसाठीचा करार, क्रमांक १८९, २०११ साली झाला, त्यात विश्रांतीचा उल्लेख स्पष्ट आहे. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

कॅमेरा हॉलमध्ये आहे आणि सांगून लावलाय, उत्तम. ताई कपडे बदलतात ती खोली किंवा बाथरूम यांच्या आसपासही नको. न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे तो, "बाळाच्या सुरक्षेसाठी" म्हणून सुटका नाही.

अवांतर: २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झालं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. तुमच्या एचआरला विचारलंत का?

---

ओली_हळद | सकाळी ११:३०

विचारलं होतं. "टाय-अप आहे" म्हणाले. पाळणाघर ऑफिसपासून नऊ किलोमीटरवर, हिंजवडीच्या वाहतुकीत. चार वेळा जाऊन आले तर पाचव्यांदा राजीनामा द्यायलाच यावं लागेल.

आज ताई अर्धा दिवस आहेत. बोलते. कळवते.

---

सुपारी_फुटली | पुढच्या शनिवारी

काय झालं? धागा वर काढतेय.

---

ओली_हळद | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:१५

उशीर झाला, माफ करा. बाळाला मधे ताप होता.

त्या शनिवारी चहा घेऊन स्वयंपाकघरात खालीच बसलो दोघी. मी मुद्दे फोनमध्ये लिहून आणले होते. वाचायला फोन काढला आणि ताई हसल्या. मी ओशाळून ठेवून दिला, मग एकही मुद्दा आठवेना. शेवटी झाकणाचंच सांगितलं. तो आपटत होता, तुमच्याकडे बघत होता, मला कसंतरी झालं.

ताई बराच वेळ कपाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लक्षातच आलं नाय ताई. एक बघितलं की पुढचं येतं." नंतर थांबून, "झोपला की भाजी, उठला की त्याच्या मागं. मी बसू कधी?" चिडून नाही म्हणाल्या. खरंच विचारत होत्या.

ठरलं ते असं. बाळ झोपलं की ते दोन तास ताईंचे. भाजी नाही, घड्या नाहीत, फोन बघा, झोपा, काहीही. बाळ जागं असताना फोन फ्रिजवर, आवाज चालू (खडीसाखरकाकू, टोपली पण आणली). भरवणं अर्धा तास अलीकडे आणलं, बाराला. म्हणजे पावणेएकला मुलीचा फोन येतो तेव्हा बाळाचं तोंड पुसून झालेलं असतं, आणि तो फोन सासूबाईंच्या शेजारी बसून घ्यायचा, बाळ त्यांच्या पलंगावर. सासूबाई उचलू शकत नाहीत पण बघू शकतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझे मेसेज बंद. दुपारी तीनला मीच एक फोन करायचा.

आता काय बिनसलं तेही सांगते. दुसऱ्याच दिवशी "भाजी कोण चिरणार" यावरून सासूबाई दोन दिवस अबोला धरून होत्या. नवरा रात्री चिरतो, त्याची भेंडी एक पेराएवढी, एक बोटाएवढी. दुसऱ्या आठवड्यात बुधवारी कॅमेरा उघडला तर ताई परत फोनमध्ये, बाळ बाजूला ठोकळे घेऊन. मी तिथून फोन केला नाही, फार अवघड गेलं. सात-आठ मिनिटांनी त्याच उठल्या आणि फोन फ्रिजवर ठेवून आल्या. परवा पुन्हा एकदा. म्हणजे पूर्ण सुटलेलं नाही. माझंही नाही. दिवसाला दोनदाच कॅमेरा बघायचा ठरवलं होतं, काल सहा वेळा उघडला.

आणि कढईताई, एक गंमत. बाळ आता साबणाची डबी कानाला लावून गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतो, एक हात कमरेमागे. ताई फोनवर कधीच चालत नाहीत, त्या उकिडव्या बसून बोलतात. हॉलमध्ये सगळे आपापल्या जागी गप्प, आणि नवरा एकदम भेंडी चिरायला गेला.

---

लोखंडी_कढई | रात्री १०:३१

हाहाहा. बरं. मी असते तर त्या बुधवारीच फोन केला असता. पण तुझं तू बघ बाई.

---

मोगरा_गल्ली | रात्री १०:४०

त्या दोन तासांत ताई काय करतात?

---

ओली_हळद | रात्री १०:४४

पहिले चार दिवस फोन. आता बऱ्याचदा झोपतात. बाळाच्या पाळण्याखालीच, पदर तोंडावर घेऊन.

मदत हवी आहे: ताई येत्या सोमवारपासून पाच दिवस गावी जात आहेत, जत्रा आहे. बाणेर-बालेवाडीत कुणाच्या ओळखीचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दिवसाचे पैसे नेहमीपेक्षा जास्त देऊ, दुपारचे दोन तास मोकळे.

---

रात्रपाळी | रात्री ११:०५

नवीन बाईलाही भरवणं-आंघोळीचं सांगा. आणि बादली?

---

ओली_हळद | रात्री ११:०६

उलटी.